बाराशेचे तेरा हजार: अमळनेरच्या एका घरातलं विप्रोच्या डिव्हिडंडचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमळनेरच्या एका आक्कांच्या बचत खात्यात १२,९६० रुपये जमा झाले. आदल्या वर्षी याच सुमाराला जमा झाले होते १,२००. त्याच्या आदल्या वर्षीही १,२००च. पैसे धाडणारी कंपनी एकच, विप्रो, आणि पैसे शेअरवरच्या डिव्हिडंडचे, म्हणजे नफ्यातल्या वाट्याचे. आक्कांचं वय शहात्तर, शिक्षण चौथी, पण पासबुकातली ओळ न् ओळ पाठ. एवढे पैसे आले कसे, हा त्यांचा पहिला प्रश्न. मुलाने मोबाइलवरचा कंपनीचा ईमेल उघडून त्यातला १४,४०० हा आकडा वाचून दाखवल्यावर लगेच दुसरा आला: "मंग बाकीना पैसा ग्यात कोठे?"

मुलगा, म्हणजे भाऊ, हे दोन्ही प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. गावात विवरणपत्रं भरून देण्याचं माझं काम, त्यामुळे असे प्रश्न नेहमीचे. दोन्हींची उत्तरं अर्ध्या तासात झाली. पण ती देताना एक तिसरी गोष्ट वर आली आणि तिने मात्र अख्खं वर्ष खाल्लं. घरच्यांना विचारूनच हे लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

तेरा शेअर

आक्कांचे यजमान, आप्पा, कंपनीच्या अमळनेरच्या कारखान्यात कामाला होते. आज विप्रो म्हटलं की बंगळुरू डोळ्यांपुढे येतं, पण २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाने ती काढली तेव्हा तिचा कारखाना इथे, खानदेशात होता. शेंगदाण्याचा मुलूख, रेल्वेचं स्टेशन, आणि माल म्हणजे वनस्पती तूप. पुढे ७८७ नावाचा कपड्यांचा साबण. १९६६ मध्ये वडील गेल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले, आणि १९८० च्या आसपास कंपनी संगणकाच्या धंद्यात शिरली. कारखान्यात काम करणारे, कारखान्याला शेंगा घालणारे, नुसते त्याच्या फाटकावरून रोज ये-जा करणारे, अशा पुष्कळांनी त्या काळात थोडे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. आप्पा त्यांतले एक. १९९५ चा बोनस, म्हणजे कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर, धरून त्यांच्याकडे तेरा शेअर होते: दहा स्वतःच्या नावाने, तीन आक्कांच्या.

तेरा शेअर ऐकून हसू नका. १९९७ मध्ये एका शेअरला दोन बोनस मिळाले, दहाचे तीस झाले. १९९९ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच तुकडे झाले, तिसाचे दीडशे. २००४ मध्ये पुन्हा एकाला दोन, साडेचारशे. २००५ मध्ये एकाला एक, नऊशे. २०१० मध्ये तीनाला दोन, पंधराशे. २०१७ मध्ये एकाला एक, तीन हजार. २०१९ मध्ये तीनाला एक, चार हजार. डिसेंबर २०२४ मध्ये एकाला एक, आठ हजार. याच हिशेबाने आक्कांच्या तिनांचे झाले २,४००. खिशातून नवा पैसा घातला नाही, एकही शेअर विकला नाही.

अमळनेरमध्ये हे गणित तोंडपाठ असणारे पायलीला पन्नास मिळतील. १९८० साली शंभर शेअर घेतले असते तर २०१० पर्यंत ९६ लाख झाले असते, हे तर चहाच्या टपरीवरही ऐकू येतं आणि ते बरोबरही आहे. पण त्यात एक गोष्ट न सांगता धरलेली असते: इतकी वर्षं तो माणूस जिवंत आहे, त्याचा पत्ता तोच आहे, बँकेचं खातं तेच आहे आणि सही हलत नाही. या घरात त्यातलं एकही टिकलं नाही.

बारापट कशी झाली

आधी आक्कांचा पहिला प्रश्न. त्यांच्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवण्याच्या खात्यात, २०१९ च्या बोनसनंतर १,२०० शेअर होते. जानेवारी २०२३ आणि जानेवारी २०२४ या दोन्ही वेळी कंपनीने शेअरमागे १ रुपया अंतरिम डिव्हिडंड दिला. म्हणून १,२००. डिसेंबर २०२४ च्या बोनसने शेअर दुप्पट झाले. जानेवारी २०२५ मध्ये शेअरमागे ६ रुपये जाहीर झाले. दुप्पट गुणिले सहापट, बारापट. २,४०० गुणिले ६, म्हणजे १४,४००.

भाऊला वाटलं होतं की कंपनीचा नफाच बारापट झाला. तसं काही नव्हतं. मधली बरीच वर्षं विप्रोने डिव्हिडंड हात आखडून दिला आणि भागधारकांना पैसे परत करायला दुसरी वाट वापरली: स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याची, बायबॅकची. २०२३ मध्ये १२,००० कोटी रुपयांचे शेअर कंपनीने ४४५ रुपये भावाने परत घेतले. ज्यांनी त्यासाठी अर्ज केला त्यांना तो पैसा मिळाला. आक्कांसारख्या 'विप्रो इकानी नही' (विकायची नाही) हे ब्रीद धरून बसलेल्यांच्या वाट्याला तो एक रुपयाच आला. मधे २०२२ च्या मार्चमध्ये ५ रुपये आले होते, तेवढाच अपवाद.

मग वारा बदलला. १ ऑक्टोबर २०२४ पासून बायबॅकमध्ये मिळालेली रक्कम भागधारकाच्या हातात डिव्हिडंड समजून करपात्र धरायला सुरुवात झाली. त्याआधी कर कंपनी भरायची आणि भागधारकाला रक्कम करमुक्त मिळायची. बायबॅकची गोडी त्यामुळे कमी झाली. जानेवारी २०२५ मध्ये विप्रोच्या संचालक मंडळाने धोरणही बदललं: तीन वर्षांचा मिळून हिशेब धरून निव्वळ नफ्याचा ७० टक्के किंवा अधिक हिस्सा भागधारकांना द्यायचा. आधी हे प्रमाण ४५ ते ५० टक्के होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणतो, कंपनीने तसं म्हटलेलं नाही.

यात एक गंमत आहे. विप्रोचे सत्तर टक्क्यांहून जास्त शेअर प्रवर्तकांकडे आहेत, आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्शाचं उत्पन्न प्रेमजींनी आपल्या फाउंडेशनला देऊन टाकलेलं आहे. २०१९ मध्ये त्यांनी आणखी ३४ टक्के शेअरवरचा आर्थिक हक्क सोडला, तेव्हा एकूण आकडा ६७ टक्क्यांवर गेला. म्हणजे आक्कांना सहा रुपये द्यायचे तर त्याच वेळी शाळांच्या कामासाठी त्याच्या कितीतरी कोटीपट रक्कम निघते. आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं शे. पन मना कितला?"

दुसरा प्रश्न १,४४० रुपयांचा. ३१ मार्च २०२० पर्यंत डिव्हिडंडवरचा कर कंपनीच भरायची, हातात येईल ते आपलं. १ एप्रिल २०२० पासून तो भागधारकाचं उत्पन्न म्हणून करपात्र झाला, आणि एका कंपनीकडून वर्षात ५,००० रुपयांपेक्षा जास्त डिव्हिडंड असेल तर १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच घ्यायचा कर, कापून उरलेले पाठवायचा नियम आला. बाराशे मिळत होते तोवर या नियमाचा आणि आक्कांचा फारसा संबंध नव्हता. २०२१-२२ मध्ये दोन हप्त्यांचे मिळून ७,२०० झाले, तेव्हा कापले गेले असणार. पण पासबुकात आकडा वाढलेला दिसला म्हणून कुणी विचारलं नाही.

आक्कांचं बाकीचं उत्पन्न म्हणजे आप्पांच्या मागे मिळणारं तुटपुंजं पेन्शन आणि मुदत ठेवीचं व्याज. शेतीचं उत्पन्न करमुक्त, आणि तेही भाऊच्या नावावर. कर शून्य. अशा साठीपुढच्या माणसाने १५एच हा, आपल्यावर कर बसत नाही असं कळवणारा फॉर्म कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, वेळेत दिला की तेव्हा टीडीएस कापला जात नसे. फॉर्म दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावा लागे. बँकेत दिलेला १५एच डिव्हिडंडला चालत नसे, हे पुष्कळांना ठाऊक नसायचं. कापलेले १,४४० आम्ही विवरणपत्र भरून परत मागितले आणि ते आले. जुलै २०२५ मध्ये कंपनीने शेअरमागे ५ रुपये जाहीर केले, तेव्हा १५एच आधीच पोचलेला होता. त्यामुळे १२,००० रुपये अखंड जमा झाले. १ एप्रिल २०२५ पासून टीडीएसची मर्यादा १०,००० केलेली आहे, पण आक्कांचे बारा हजार तिच्याही वर होते.

त्या जुलैत भाऊला एक कल्पना सुचली होती. २८ जुलै, सोमवार, ही रेकॉर्ड डेट: त्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर, डिव्हिडंड त्याला. शुक्रवारी २५ तारखेला उसनवारी करून हजारभर शेअर घ्यायचे, पाच हजार पदरात पाडायचे आणि मंगळवारी विकायचे. पण रेकॉर्ड डेटच्या दिवशी बाजार उघडतो तोच डिव्हिडंडइतका भाव वजा धरून. पाच रुपये एका खिशातून निघून दुसऱ्यात जातात, आणि वाटेत दलाली सांडते, कर सांडतो. कागदावर मांडून दाखवल्यावर त्याने नाद सोडला. खरं तर उसने पैसे देणारा मेहुणाच मागे सरला, पण ते असो.

मुंबईचा फोन

हे सगळं चालू असताना भाऊ सहज बोलून गेला की दोन-तीन महिन्यांपासून मुंबईहून एक माणूस फोन करतो आहे. आप्पांचं पूर्ण नाव त्याला माहीत, जुना पत्ता माहीत. "तुमच्या वडिलांचे वीस लाखांचे शेअर सरकारजमा झालेत, सोडवून देतो, पंचवीस टक्के घेईन." स्टॅम्पपेपरवर करार आणि थोडे पैसे आधी. भाऊने त्याला फसवणूक समजून फोन ब्लॉक केला होता.

माणूस फसवा होता की नाही ते मला माहीत नाही, माहिती मात्र खरी निघाली.

मी भाऊला घरातले जुने कागद शोधायला लावले. धान्याच्या कोठीमागे एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आप्पांच्या नावाची चार शेअर सर्टिफिकेटं निघाली: दीडशेचं, तीनशेचं, साडेचारशेचं आणि सहाशेचं. एकूण पंधराशे. विभाजनाआधीचं दहा शेअरचं एक जुनं सर्टिफिकेटही होतं. ते १९९९ नंतर नुसता कागद, पण आप्पांनी त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यांत नीट जपलं होतं. आणि सुतळीने बांधलेला डिव्हिडंड वॉरंटांचा, म्हणजे डिव्हिडंडच्या चेकांचा गठ्ठा, एकही न वटवलेला.

घडलं ते असं. २००१ च्या सुमाराला शेजारच्या एका बँक कर्मचाऱ्याने आक्कांचे शेअर डिमॅट करून दिले. त्यांच्या नावाचं खातं नवीनच उघडायचं होतं, म्हणून त्याने तिथून सुरुवात केली. आप्पांचे शेअर 'पुढच्या खेपेला' करायचे होते. ती खेप आली नाही. आप्पा जिवंत होते तोवर वॉरंट पोस्टाने यायचं, ते सायकलवर जाऊन बँकेत भरायचे. २०१२ च्या उन्हाळ्यात आप्पा गेले. त्यांचं एकट्याच्या नावाचं बचत खातं बंद केलं गेलं. पुढची काही वॉरंटं आली. मयताच्या नावाचं वॉरंट कुठे भरायचं ते कुणाला कळेना, आणि तीन महिन्यांनी त्याची मुदत संपते. ती ट्रंकेत गेली. मग घर बदललं. ओळखीचा पोस्टमन होता तोवर त्याने काही पत्रं नव्या घरी आणून दिली. तो निवृत्त झाल्यावर टपाल परत जाऊ लागलं.

आक्कांच्या खात्यात विप्रोचे पैसे येत होतेच. त्यामुळे 'विप्रोचं चालू आहे' अशीच घरात सगळ्यांची समजूत. दोन वेगळ्या खात्यांतले हे वेगवेगळे शेअर आहेत, हे एकट्या आप्पांना माहीत होतं.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२४ मध्ये काय आहे ते इथे नीट सांगायला हवं, कारण अमळनेरच्या निम्म्या घरांना ते लागू पडू शकतं. जाहीर झालेला डिव्हिडंड तीस दिवसांत द्यायचा. कुणी घेतला नाही तर पुढच्या सात दिवसांत तो 'न दिलेला डिव्हिडंड' म्हणून वेगळ्या खात्यात ठेवायचा. तिथे सात वर्षं पडून राहिला की तो केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत (आयईपीएफ) जातो. इथपर्यंत लोकांना साधारण ठाऊक असतं. पुढचं नसतं: ज्या शेअरवरचा डिव्हिडंड सलग सात वर्षं कुणी घेतलेला नाही, ते शेअरही त्या निधीच्या नावाने जातात. नुसतं व्याज नाही, मुद्दलही.

कायद्याच्या लेखी डिव्हिडंड घेणं ही शेअरवाल्याची हजेरी आहे. एका वर्षी एक रुपया का असेना, तो खात्यात उतरला तर सलग सात वर्षांचा धागा तुटतो. आप्पांच्या शेअरवर २०१२ नंतर एकदाही हजेरी लागली नाही. कंपनी शेअर पाठवण्याआधी तीन महिने पत्र पाठवते आणि वर्तमानपत्रात जाहिरात देते. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. जाहिरात इंग्रजीत आणि प्रादेशिक भाषेत असते, आणि नोंदणीकृत कार्यालय बंगळुरूला असल्यामुळे ती प्रादेशिक भाषा कन्नड. २०२० संपण्याआधी शेअर निधीच्या डिमॅट खात्यात गेले होते. २०१७ च्या बोनसचं सर्टिफिकेट परत गेल्यामुळे ते शेअर आधी कंपनीच्या बेवारशी शेअरच्या खात्यात आणि मग मूळ शेअरांमागोमाग तिकडेच. डिसेंबर २०२४ चा बोनस थेट निधीच्या खात्यात. एकूण आठ हजार.

त्या मुंबईच्या माणसाने काही जादू केलेली नव्हती. ही नावं निधीच्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येतात. नुसतं नाव टाकलं तर पाटील आडनावाचे ढीगभर निघाले. सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीकडचा भागधारकाचा खाते क्रमांक, टाकल्यावर एकच उरला. परत मागण्याच्या सरकारी अर्जाला फी नाही. पंचवीस टक्के म्हणजे पाच लाख, आणि बदल्यात काम कोणतं, तर जे मी पुढे सांगतो ते, तेही सह्या घरच्यांच्याच घेऊन.

वारस तीन, शेअर आठ हजार

शेअर आप्पांच्या एकट्याच्या नावाचे, नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगा आणि मुलगी तिघांचा सारखा हिस्सा. आठ हजाराला तीनाने पूर्ण भाग जात नाही, हे भाऊच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. शेतीच्या वेळेस बहिणीने हक्कसोड दिलं होतं, आपल्याकडे ते जणू ठरलेलंच असतं, तेव्हा इथेही ती सही करेल असं त्याने गृहीत धरलं. नाशिकची ताई आली, सगळे कागद तिने स्वतः वाचले आणि म्हणाली, "सही करीन. पण तुझ्या नावाने नाही, आईच्या." भाऊ दोन दिवस गप्प होता. मला ताईचं म्हणणं पटलं, आणि मी ते तिच्यासमोर बोललो, म्हणून भाऊ माझ्यावरही चार दिवस रागावलेला होता.

कागदी शेअरच्या बाबतीत एका कंपनीतली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत यांवर भागायचं. इथे किंमत वीस लाखांच्या घरात, म्हणून दिवाणी न्यायालयाचा वारसा दाखला काढायचं ठरलं. अर्ज भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ खाली, अमळनेरच्याच न्यायालयात. वकिलांनी मसुदा केला तो ट्रंकेतल्या सर्टिफिकेटांवरून: १,५०० शेअर. कोर्टाने तेवढ्याचाच दाखला दिला असता, आणि मग उरलेल्या साडेसहा हजारांसाठी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी रजिस्ट्रारकडून त्या फोलिओचं आजचं पूर्ण विवरण मागवलं, बोनस आणि साठलेल्या डिव्हिडंडसह, आणि ते अर्जाच्या परिशिष्टात जसंच्या तसं लावलं. या विवरणाला दीड महिना लागला. या कामात कुठे घाई करू नये असं मला विचाराल तर ती हीच जागा.

दैनिकात जाहीर नोटीस निघाली, हरकत आली नाही, ऑक्टोबरमध्ये दाखला हातात आला. मधल्या काळात आक्कांच्या कागदांची जुळवाजुळव. पॅनवर एक नाव, आधारवर दुसरं, आप्पांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण नाव तर सर्टिफिकेटवर आद्याक्षरं. प्रत्येक फरकासाठी एक प्रतिज्ञापत्र. आक्का दर वेळी तहसील कचेरीजवळ रिक्षातून उतरायच्या आणि अंगठा नाही, सहीच करायच्या, सावकाश, ओळीच्या वर न जाता.

मग कंपनीकडे वारसाहक्काचा अर्ज. कंपनी तपासून हक्कपत्र देते की अमुक इतके शेअर आणि इतका डिव्हिडंड या व्यक्तीला देय आहे. ते मिळालं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आयईपीएफ-५ हा फॉर्म भरायचा, त्याची प्रत, हमीपत्र आणि आगाऊ पावती कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची, कंपनीने पडताळणी अहवाल द्यायचा, आणि शेवटी निधीचं प्राधिकरण शेअर थेट डिमॅट खात्यात आणि पैसे बँकेत सोडतं. शेअर कागदावर परत मिळत नाहीत.

किती पैसे? २०१८ पासूनचा हिशेब मी मांडला. २०१८ आणि २०१९ च्या जानेवारीत तीन हजार शेअरवर १ रुपया, मिळून ६,०००. २०२० आणि २०२१ मध्ये चार हजारांवर १ रुपया, ८,०००. २०२२ मध्ये १ आणि ५ मिळून २४,०००. २०२३ आणि २०२४ चे ८,०००. २०२५ च्या जानेवारीचे ४८,००० आणि जुलैचे ४०,०००. बेरीज १,३४,०००, २०१२ ते २०१७ मधला डिव्हिडंड त्याशिवाय. १ एप्रिल २०२० च्या आधीच्या भागावर भागधारकाला कर नाही, नंतरच्यावर आहे.

परत आल्यावर काय

भाऊला शेअर विकून पीककर्ज फेडायचं होतं आणि ठिबक करायचं होतं. आक्कांना एकही विकायचा नव्हता. दोघांचे हिशेब दोन टोकांचे, आणि मला दोन्ही अर्धेच वाटले.

आक्कांच्या बाजूने बघा. त्यांचे २,४०० आणि हे ८,००० मिळून १०,४०० शेअर. वर्षाला शेअरमागे ६ रुपये मिळाले तर ६२,४००. हे चांगलं वाटतं. पण २०२४ पर्यंत बहुतेक वर्षं जो १ रुपया येत होता त्यावर गाडी पुन्हा आली तर १०,४००. ७० टक्क्यांचं धोरण आहे, पण त्यात बायबॅकही धरलेला आहे, आणि नफा घटला तर सत्तर टक्केही घटतात. शेअरचा भाव अडीचशे धरला तर एवढे शेअर म्हणजे २६ लाख. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत त्यावर वर्षाला १,६९,००० व्याज येईल. विप्रोने या घराला श्रीमंत केलं ते बोनसने आणि भावाने. डिव्हिडंड त्या मानाने चिल्लर. औषधपाण्यासाठी दरमहा रक्कम हवी असेल तर तिच्यावर पेन्शनसारखी भिस्त ठेवता येत नाही.

भाऊच्या बाजूने बघायचं तर विकताना कर लागतो. वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के. आठ हजारांतले तीन हजार शेअर ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे. त्या दिवशीचा भाव तीनशेच्या आसपास होता आणि कायद्याने खरेदी किंमत ठरवताना तो धरता येतो, म्हणून आज अडीचशेला विकले तर नफा उरतच नाही. पण २०१९ आणि २०२४ च्या बोनसचे पाच हजार शेअर शून्य किमतीचे. ते विकले की आलेला प्रत्येक रुपया नफा. सगळे एका वर्षात विकणं म्हणजे सरकारला उगाच नैवेद्य.

शेवटी ताईने सुचवलं ते दोघांनी मानलं. परत आल्यावर दोन हजार विकून पीककर्ज फेडायचं, बाकी आक्कांच्या डिमॅटमध्ये. त्या खात्याला नॉमिनी म्हणून भाऊ आणि ताई दोघांची नावं निम्मी-निम्मी लावली. नॉमिनी झाला म्हणून मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने घेणारा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणून आक्कांनी वेगळं मृत्युपत्रही करून ठेवलं.

फॉर्म जानेवारी २०२६ मध्ये दाखल झाला. तीन आठवड्यांनी त्रुटी आली: हमीपत्रावर दोन साक्षीदारांपैकी एकाचा पत्ता अपुरा. साक्षीदार म्हणजे तोच २००१ सालचा बँक कर्मचारी. त्याने पिनकोड ४२५४०१ घालून पुन्हा सही केली, आणि हमीपत्र परत रजिस्टर्ड पोस्टाने बंगळुरूला गेलं.